नादाची जात आणि आवाजाची पारख

१

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागात एक आंतरमहाविद्यालयीन गायनस्पर्धा झाली. माझ्या वर्गातली एक मुलगी तीत उतरली होती. तासगावकडच्या एका वस्तीतून ती एस.टी.ने कॉलेजला येत असे. वडील हलगी वाजवतात, आई द्राक्षबागेत रोजाने जाते. मुलीने वामनदादा कर्डकांचे एक गीत म्हटले. मध्येच माईक बंद पडला, तरी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचत होते. तिला क्रमांक मिळाला नाही.

क्रमांक न मिळणे म्हणजे काही आभाळ कोसळणे नव्हे. पण मी गुणपत्रक मागून पाहिले. आवाज, सूर, ताल, शब्दोच्चार आणि सादरीकरण असे पाच रकाने होते, प्रत्येकाला वीस गुण. सुराला पंधरा, तालाला सतरा आणि आवाजाला सात. समोर शेरा होता : 'आवाज रांगडा. संस्कार हवेत.' पहिल्या आलेल्या मुलीने नाट्यगीत म्हटले होते. तिच्या आवाजाला सतरा गुण आणि शेरा : 'गोड, घरंदाज आवाज.'

परीक्षक सज्जन गृहस्थ होते. मी त्यांना विचारले, "सर, रांगडा म्हणजे आपण नेमके काय ऐकले? आवाज खाली फाटत होता? वर जाताना चिरकत होता? नाकात होता?" ते जरा गोंधळले. म्हणाले, "मॅडम, रांगडा म्हणजे रांगडा. ते ऐकल्यावर कळतंच." आणि मग सहज विचारले, "कुठली मुलगी ती?"

त्यांच्या मनात काही वाईट होते असे मला वाटत नाही. पण 'काय ऐकले' या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर नव्हते आणि 'कुठली' हा प्रश्न मात्र तयार होता. सुरासाठी, तालासाठी आपल्याजवळ मोजमाप आहे. सूर लागला की नाही, सम गाठली की नाही, यावर दोन माणसे वाद घालू शकतात आणि वाद मिटवूही शकतात. आवाजाच्या पोताबद्दल बोलायचे झाले की मोजमाप संपते आणि गाणाऱ्याचे गावकूस बोलू लागते. दलित साहित्याच्या निकषांवर आपण पन्नास वर्षे वाद घातला. आवाजाचे निकष मात्र आपण तपासायचे राहून गेलो. तो विचार इथे मांडायचा आहे.

२

संगीताच्या पाठ्यपुस्तकांत नादाचे तीन गुणधर्म सांगितलेले असतात. पहिला उंची, म्हणजे सूर किती वर आहे. दुसरा लहानमोठेपणा, म्हणजे तो किती जोरात आहे. तिसऱ्यामुळे एकाच उंचीचा, एकाच जोराचा सूर सनईतून आला की सतारीतून, हे आपल्याला डोळे मिटून कळते. या तिसऱ्या गुणधर्माला आमची पुस्तके 'नादाची जात' म्हणतात. विद्यार्थी परीक्षेत तसेच लिहितात आणि गुण मिळवतात.

'जात' म्हणजे इथे प्रकार, आंब्याची जात म्हणतो तसे, असे कोणी म्हणेल. मान्य आहे. शब्दावरून भांडण उकरून काढायची मला हौस नाही. पण या शब्दामागे एक परंपरा उभी आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. भारतीय संगीतशास्त्राचा हा पायाभूत ग्रंथ. त्यात सात स्वरांना वर्ण वाटून दिलेले आहेत. षड्ज, मध्यम, पंचम हे ब्राह्मण. ऋषभ आणि धैवत क्षत्रिय. गांधार आणि निषाद वैश्य. अंतर आणि काकली हे दोन विकृत स्वर शूद्र. म्हणजे आपल्या भूमीत सुरांनाही वेशीच्या आत-बाहेर राहावे लागले.

याच ग्रंथात आवाजाचा विचार फार बारकाईने केलेला आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शार्ङ्गदेव आवाजाचे पंधरा गुण आणि आठ दोष देतो. गुणांत मधुर, कोमल, स्निग्ध, करुण, घन, गाढ असे शब्द आहेत; दोषांत रूक्ष, स्फुटित, निःसार, कृश, भग्न असे. त्यांतले काही शब्द आजही कामाचे आहेत. 'त्रिस्थानक' म्हणजे तिन्ही सप्तकांत सारखा राहणारा; 'श्रावक' म्हणजे दूरवर ऐकू जाणारा. हे दोन गुण कोणीही, कोणाच्याही आवाजात तपासून पाहू शकतो. पण आवाजाच्या अंगभूत शक्तीला, ज्याला तो 'शारीर' म्हणतो, ती कशी मिळते हे सांगताना शार्ङ्गदेव विद्या, दान, तप, शिवभक्ती आणि थोर भाग्य यांची नावे घेतो. विद्या ज्यांना बंद होती, दान ज्यांनी फक्त घ्यायचे होते, त्यांच्या गळ्याचा हिशेब या शास्त्रात कसा लागणार?

विज्ञान वेगळे सांगते. १८६३ साली हेल्महोल्त्झ या जर्मन शास्त्रज्ञाने नादाच्या या तिसऱ्या गुणधर्माचे स्पष्टीकरण दिले. कोणताही सूर एकटा येत नाही. त्याच्या पोटात अनेक उपस्वर असतात. कोणते उपस्वर किती बळकट आहेत यावर नादाचा पोत ठरतो. माणसाच्या आवाजात हे प्रमाण घसा, जीभ, जबडा, ओठ आणि नाक यांच्या पोकळ्यांवर अवलंबून असते, आणि या पोकळ्यांचा आकार गाणारा सतत बदलत असतो. शरीराची ठेवण जन्माची असते हे खरे. पण तिच्यातून कोणता आवाज निघणार ते सवय, मेहनत, गाण्याची जागा आणि समोरचा ऐकणारा हेही ठरवतात. जी बाई तान्ह्याला झोपवताना एका पोताने गाते, तीच जयंतीच्या मिरवणुकीत हलगीच्या मागे वेगळ्या पोताने गाते. एका दिवसात तिच्या नादाच्या दोन 'जाती' झाल्या. जी बदलता येते तिला जात म्हणणे, हा आपल्या देशात तरी शब्दाचा मोठाच गैरवापर आहे.

३

आपल्या रोजच्या मराठीत आवाजासाठी शब्दांची कमी नाही. खणखणीत, भरदार, घोगरा, चिरका, बसका, किनरा, भसाडा, कापरा, पल्लेदार, सुरेल, धारदार असे कितीतरी. या शब्दांत कानाने ऐकलेले काहीतरी आहे. पण वर्तमानपत्रातले परीक्षण, आकाशवाणीवरचे निवेदन किंवा स्पर्धेचा शेरा लिहायची वेळ आली की हे शब्द मागे पडतात आणि दुसरेच पुढे येतात.

त्यांचे दोन ढीग करता येतात. एका ढिगात घरंदाज, संस्कारित, घोटीव, सात्त्विक, तपश्चर्येचा, दैवी. दुसऱ्यात रांगडा, गावरान, पहाडी, अस्सल मातीतला, ठसकेबाज, बाजारी, उपजत. पहिल्या ढिगातले शब्द सांगतात की या माणसाने आवाज कमावला. दुसऱ्या ढिगातले सांगतात की याला तो मातीतून, रक्तातून आयताच मिळाला. पहिल्याची मेहनत दिसते, दुसऱ्याची झाकली जाते. स्तुतीतसुद्धा हाच भेद आहे. 'अस्सल मातीतला आवाज' ही शाबासकी ज्याला मिळते त्याला मानधन कमी आणि टाळ्या जास्त मिळतात, हा अनुभव आपल्या शाहिरांना विचारावा.

'घरंदाज' हा शब्द तर नीट पारखून घ्यावा. घरंदाज बाई आणि घरंदाज गायकी हे दोन्ही आपण एकाच तोंडाने म्हणतो. ज्या बायकांना समाजाने घर दिले नाही, त्यांच्या गळ्यावर हा शब्द कधी बसणार?

वाईच्या यमुनाबाईंचे उदाहरण घ्या. यमुनाबाई वाईकर १९१५ साली जन्मल्या आणि २०१८ साली, वयाची शंभरी ओलांडून गेल्या. कोल्हाटी समाजातली ही बाई. लहानपणी रस्त्यावर गाऊन पोट भरावे लागले. पुढे बैठकीच्या लावणीत त्यांनी असे काम केले की १९७७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री त्यांच्याकडे चालत आली. बैठकीच्या लावणीत एकच ओळ पुन्हा पुन्हा घेऊन दर खेपेला तिचा अर्थ पालटायचा असतो. तो पालटतो हावभावाने आणि तितकाच आवाजाच्या पोताने. एका खेपेला शब्द धारेवर येतो, दुसऱ्या खेपेला सैल पडतो, तिसऱ्या खेपेला गाणे सोडून जवळजवळ बोलण्यावर उतरतो. ही अनेक वर्षांची, गुरूसमोर आणि श्रोत्यांसमोर केलेली मेहनत आहे. आपल्याकडचे लिखाण मात्र 'ठसका', 'अदा', 'नखरा' या तीन शब्दांवर थांबते. हे तिन्ही शब्द बाईबद्दल आहेत. तिच्या आवाजाबद्दल त्यांत काहीच नाही.

पवळेचे तेच झाले. वाळवे तालुक्यातल्या रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी फडात आले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या फडाची कीर्ती महार समाजातल्या पवळेच्या गाण्या-नाचाने वाढली. बापूरावांच्या कवनांची चर्चा होते, पवळेच्या रूपाची दंतकथा होते. तिचा आवाज कोणत्या पोताचा होता, हे सांगणारा शब्द आपल्या हाती उरला नाही.

आता दुसरी बाजू पाहू. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात ज्यांची कबर आहे ते अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) माझेही आवडते गायक आहेत. त्यांच्या तबकड्या कोणीही ऐकाव्यात. आवाज बारीक, उंच पट्टीचा आणि थोडा नाकातला. जाणकार त्याला करुण, आर्त, सुरात विरघळलेला म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पण हाच बारीक, नाकातला आवाज जेजुरीच्या वाटेवरच्या एखाद्या वाघ्याच्या गळ्यातून आला तर त्याला आपण काय म्हणतो? गेंगाणा. खाँसाहेबांच्याच परंपरेत, सवाई गंधर्वांकडे शिकलेल्या गंगूबाई हनगल. घशाच्या आजारावरच्या उपचारानंतर त्यांचा आवाज खाली उतरला आणि जड झाला. त्या आवाजाला 'पुरुषी' म्हणण्याची प्रथाच पडली. तिकडे पलूसजवळच्या नागठाण्यात जन्मलेले बालगंधर्व बायकांची कामे करीत, त्यांच्या आवाजाला मात्र 'स्वर्गीय'. बाईचा आवाज खाली उतरला की ती तिची खोड आणि पुरुषाचा लाघवी झाला की स्वर्ग. या दोन्ही विशेषणांतून आवाज कसा होता हे काही कळत नाही.

४

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायिका मेरियन अँडरसन यांना १९३९ साली वॉशिंग्टनमधल्या मोठ्या सभागृहात कातडीच्या रंगावरून गाऊ दिले नाही, तेव्हा त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्यावर गायल्या आणि पाऊण लाख लोकांनी ऐकले. त्यांची तालीम पाश्चात्त्य शास्त्रीय गाण्याची होती. तरीही त्यांच्या आवाजात 'काळेपणा' ऐकू येतो असे लोक लिहीत राहिले. नीना आइड्‌सहाइम या अभ्यासक बाईंनी २०१९ साली या प्रश्नावर एक ग्रंथच लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आवाज कानावर पडला की ऐकणारा आधी विचारतो, 'हा कोण?' आणि उत्तर मिळाले की त्या उत्तरालाच तो आवाजाचा गुण समजू लागतो. वंश गळ्यात नसतो, ऐकणाऱ्याच्या सवयीत असतो. हे वाचताना मला आमच्या परीक्षकांचा 'कुठली मुलगी ती?' हा प्रश्न आठवला. पँथरच्या पिढीने कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी नाते जोडले ते उगाच नव्हे.

सर्वांना वापरता येतील असे शब्द ठरवायचा मोठा प्रयत्नही तिकडे झाला. अॅलन लोमॅक्स या लोकगीत-संग्राहकाने १९६० च्या दशकात जगभरच्या गाण्यांसाठी ३७ कसोट्यांची एक मापनपद्धती बनवली. आवाज किती ताणलेला, किती रुंद, किती नाकातला, किती खरखरीत, अशा त्यातल्या काही कसोट्या आहेत. ध्वनिफिती ऐकवून लोकांचे कान एका मापावर आणायचे, ही कल्पना चांगली होती. पण लोमॅक्स तिथे थांबला नाही. ताणलेला, अरुंद आवाज म्हणजे त्या समाजात बायकांवर लैंगिक बंधने आहेत, अशा थरापर्यंत त्याने अनुमाने नेली. आवाज मोजता मोजता तो पुन्हा समाजाला शिक्के मारू लागला. यातून आपण दोन धडे घ्यावेत. कान एका मापावर आणता येतात, हा एक. आणि आवाजाच्या शब्दाने आवाजाबाहेर उडी मारू नये, हा दुसरा.

५

मग शब्द आणायचे कुठून? संस्कृत ग्रंथातून आणलेले वस्तीवर चालणार नाहीत आणि इंग्रजीतून आणलेले दोन्हीकडे उपरे राहतील. माझे म्हणणे असे की हे शब्द आपल्याकडे आहेत. नाद घडवणाऱ्या हातांनी ते केव्हाच तयार केले आहेत.

पहिला शब्द मिरजेचा. मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणारे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे कारागीर. त्यांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा कानसेने असा घासायचा की तार त्याला निसटता स्पर्श करत राहील. याला ते जवारी काढणे म्हणतात. निसटत्या स्पर्शाने उपस्वर जागे होतात आणि नादाला गुंजन येते. या वाद्यांच्या घोडीची ही करामत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली विज्ञानाच्या भाषेत मांडली. जवारी खुली ठेवली तर नाद उजळ होतो, बंद ठेवली तर मऊ आणि दबका. 'जवारीदार आवाज' हा शब्द गवयांनी या कारागिरांकडूनच घेतला. खुला आणि बंद ही जोडी आपण सर्वांच्या आवाजाला लावू शकतो. खुला श्रेष्ठ आणि बंद कनिष्ठ असे कारागीर मानत नाही. गिऱ्हाइकाला हवी तशी जवारी तो काढून देतो.

दुसरा शब्द हलगीचा. हलगीवर तबल्यासारखी शाई नसते. शाईमुळे तबल्याचे उपस्वर सुरात बसतात, हेही रामन यांनीच दाखवले. हलगी कातड्याच्या ताणावर बोलते. म्हणून वाजवण्याआधी ती जाळावर धरतात. तापली की खणकते, गार पडली की बद्द वाजते. पावसाळ्यात कातडे ओल धरते, तेव्हा पुन्हा पुन्हा तापवावी लागते. गाणारेही म्हणतातच, 'गळा अजून तापला नाही.' तापलेला आणि बद्द ही दुसरी जोडी. ज्या वाद्याला शिवणे गावाला विटाळ वाटत होते, त्याने दिलेला हा शब्द उद्या मैफलीतल्या गायकालाही लावता आला पाहिजे.

तिसरा शब्द माझ्या आजीचा. आजी माण तालुक्यातली. दुष्काळात खडी फोडायला गेली आणि पहाटे जात्यावर बसली. जाते वापरून गुळगुळीत झाले की दळण नीट निघत नाही. मग पाथरवट येऊन त्याला टाकी लावतो, दगड पुन्हा खरखरीत करतो. शेजारच्या एका म्हातारीबद्दल आजी म्हणायची, 'तिच्या गळ्याला टाकी लावल्याली हाय.' म्हणजे आवाजाला असा खरखरीतपणा आहे की शब्द त्यात पकडला जातो, निसटत नाही. आजीच्या बोलण्यात ही स्तुती होती. 'घोगरा' किंवा 'रूक्ष' म्हणून जो दोष ठरतो, त्याचे काम काय हे या शब्दाने सांगितले. टाकीचा आणि गुळगुळीत ही तिसरी जोडी.

चौथा शब्द आजच्या पोरांचा. आमच्या वस्त्यांतली अनेक मुले साउंड सिस्टिमच्या धंद्यात आहेत. ती बटणे फिरवत बोलतात : 'आवाजात बेस हाय, ट्रेबल कमी हाय.' भाषाशुद्धीवाल्यांना हे खपणार नाही. मला त्यात चूक दिसत नाही. खालचे उपस्वर बळकट की वरचे, हे या मुलांना हाताने ठाऊक आहे. एकेकाळी हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून 'काळी चार' हा शब्द आला, आणि आज फडातला ढोलकीवाला आणि मैफलीतला गवई दोघेही तो एकाच अर्थाने वापरतात. उंचीसाठी जे घडले ते पोतासाठी का घडू नये?

या शब्दांत एक साम्य आहे. प्रत्येकामागे हात आहे, साधन आहे आणि एक कृती आहे. घासले की खुलते, तापवले की खणकते, टाकी लावली की पकडते. म्हणजे पोत केल्याने होतो, हे हे शब्द स्वतःच सांगतात. 'रांगडा' आणि 'घरंदाज' यांमागे कृती नाही, फक्त पत्ता आहे.

६

वर्गात मी एक गोष्ट करून पाहिली. फोनवरून काही ध्वनिमुद्रणे ऐकवली. कोण गाते ते सांगितले नाही. अब्दुल करीम खाँ, यमुनाबाई, विठाबाई नारायणगावकर, गंगूबाई हनगल, जात्यावरची ओवी म्हणणारी एक आजी आणि आमच्याच वर्गातली ती मुलगी. मुलांनी सुचतील ते शब्द लिहिले. मग नावे सांगितली आणि पुन्हा लिहायला लावले. गंगूबाईंचा आवाज आधी 'जड, खोल, ठाम' होता. नाव कळल्यावर 'पुरुषी' झाला. विठाबाईंचा आधी 'लांबवर जाणारा, कडक' होता. तमाशातल्या म्हटल्यावर 'ठसकेबाज' झाला. हे लिहिणारी बहुतेक मुले आपल्याच वस्त्यांतली होती. शिकलेल्या भाषेने आपल्याही कानांवर किती मात केली आहे, हे त्या दिवशी मला आणि त्यांना कळले.

त्यानंतर आम्ही तीन नियम केले. एक, जो शब्द माणसाची जात, गाव, धर्म किंवा लिंग सांगतो तो घ्यायचा नाही. दोन, शब्द वापरला की कोणत्या ओळीत, कोणत्या जागी तो ऐकू आला ते दाखवायचे. तीन, तोच गुण वेगळ्या समाजातल्या, वेगळ्या प्रकारच्या दुसऱ्या एका गायकात शोधून ऐकवायचा. न सापडल्यास शब्द बाजूला ठेवायचा. या चाळणीतून 'खुला–बंद', 'तापलेला–बद्द', 'टाकीचा–गुळगुळीत', 'दूरचा–जवळचा' आणि 'नाकातला–छातीतला' एवढ्या जोड्या टिकल्या. 'भरीव–पोकळ' यावर शेवटपर्यंत एकमत झाले नाही. ती जोडी आम्ही सोडून दिली. 'दूरचा' म्हणजे शार्ङ्गदेवाचा 'श्रावक'च, हे मी मुलांना मुद्दाम सांगितले. चांगले ते कोणाचेही असो, घ्यायला हरकत नाही. फुल्यांनी आणि बाबासाहेबांनी आपल्याला हेच शिकवले.

यावर आक्षेप येईल की असे सुटे शब्द लावून गाण्याचा प्राण हाती येत नाही. खरे आहे, येत नाही. पण प्राणाच्या नावाखाली आजवर कोणाला किती गुण पडले हे आपण पाहिले आहे. डॉक्टर आधी नाडी पाहतो, मग माणसाविषयी बोलतो. समीक्षेनेही आधी ऐकावे.

७

शेवटी चळवळीतल्या मित्रांशी दोन शब्द. प्रस्थापितांच्या शब्दांवर बोट ठेवताना आपलेही शब्द तपासले पाहिजेत. शाहिराचे वर्णन करताना आपण 'बुलंद', 'पहाडी', 'तोफेसारखा' यापलीकडे जातो का? अमर शेखांच्या आवाजाने मैदाने हलवली हे खरे. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, गवाणकर आणि अमर शेख यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले तेव्हा मैदान जिंकणे हेच काम होते आणि त्या कामाला तसा आवाज लागत होता. पण त्या एका कामाचा आवाज आपण सगळ्या गाण्याचे माप करून टाकला. बुद्धवंदना म्हणणाऱ्या बाईचा खालचा, जवळचा आवाज, भीमाचा पाळणा गाणाऱ्या माउलीचा बंद जवारीचा आवाज, फडात मागे उभा राहून झील धरणाऱ्याचा दुसऱ्यात मिसळून जाणारा आवाज, यांना आपल्या लेखांत जागा नाही. बुलंदीचे कौतुक हे पुरुषाच्या आणि मैदानाच्या आवाजाचे कौतुक होऊन बसले आहे.

याची किंमत आपण मोजलेली आहे. सत्यशोधक जलशांनी सातारा जिल्हा जागा केला. पुढे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. भीमराव कर्डकांनी १९७८ साली या जलशांवर पुस्तक लिहिले म्हणून त्यांचा इतिहास तरी राहिला. पण त्या जलसाकारांपैकी बहुतेकांचे आवाज तबकडीवर आले नाहीत. ते ज्यांनी कानांनी ऐकले ती माणसेही आता गेली. ती असताना आपण त्यांना विचारले असते की आवाज कसा होता, तर ती म्हणाली असती, 'लई भारी, पहाडी.' तबकडी नाही आणि शब्दही नाही. असा आवाज दोनदा मरतो. आज ज्यांची सत्तरी उलटली आहे अशा जात्यावर बसलेल्या बाया, झीलकरी, जलशातले शेवटचे साथीदार अजून आपल्या गावांत आहेत. शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी त्यांना फोनवर ध्वनिमुद्रित करावे. आणि त्यासोबत आवाजाचे वर्णन त्यांच्याच शेजाऱ्यांच्या शब्दांत लिहून ठेवावे. नुसते गीताचे शब्द उतरवून काम भागणार नाही.

त्या मुलीबद्दल सांगायचे राहिले. तिने गाणे सोडले नाही, स्पर्धा सोडल्या. मागच्या जयंतीला मी तिच्या घरी गेले होते. स्पर्धेतले ते गीत माझ्या फोनवर होते, ते मी तिच्या वडिलांना ऐकवले. त्यांनी ते मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकले आणि पोरीला म्हणाले, "तापल्या हलगीगत लागलाय गळा. पर शेवटच्या कडव्याला बद्द पडला बघ. दम सगळा आधीच खर्चलास. राखून धर."

मी पुन्हा ऐकले. शेवटच्या कडव्यात आवाज खरोखरच उतरला होता. तो दोष होता, आणि तो त्या सज्जन परीक्षकांनाही ऐकू आला नव्हता, मलाही नाही. वीसपैकी किती द्यायचे ते कोणीही ठरवावे. पण शेरा असा हवा की गाणाऱ्याला उद्या काय करायचे ते कळेल.